स्थळ मस्कतचं, खून विलायतेतला

लांज्याच्या एका निवृत्त पोलीस हवालदारांनी मला आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मी खुनी होतो.

म्हणजे मी कुणाला मारलं वगैरे नव्हतं. (वादी अदाईच्या आमच्या फ्लॅटमधली झुरळंसुद्धा वहिनी मारायची. ती कुठे आहेत हे खुर्चीवर चढून सांगणं, एवढंच काम माझ्याकडे होतं.) पण माणसाचं नशीब फिरलं की त्याला गुन्हा करायचीही गरज उरत नाही. एक व्हिडिओ कॅसेट पुरते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी मस्कतमध्ये, कुरुमला एका कन्सल्टंट कंपनीत ड्राफ्ट्समन होतो. दिवसभर टेबलावर वाकून दुसऱ्यांच्या बंगल्यांचे जिने काढायचे आणि संध्याकाळी दादा-वहिनीच्या दोन खोल्यांत येऊन दिवाणावर झोपायचं, असा माझा थाट. दादा रुवीत एका कापडाच्या दुकानात होता. वहिनी घरी होती आणि माझं लग्न जमवणं हा तिचा पूर्णवेळ उद्योग होता.

माझे साहेब होते मिस्टर पेंड्री. उंच, लाल चेहऱ्याचे, मस्कतच्या उन्हात वीस मिनिटं उभे राहिले की उकडलेल्या बिटासारखे दिसायचे. त्यांची बहीण इंग्लंडात टीव्हीवरचे कार्यक्रम कॅसेटवर उतरवून घ्यायची आणि खोकी भरभरून त्यांना पाठवायची. एकदा त्यांचा व्हीसीआर बिघडला. सुटा भाग बाहेरून मागवायला लागणार होता. तेव्हा त्या भल्या माणसाने नुकतंच आलेलं अख्खं खोकं माझ्या हातात दिलं आणि सांगितलं, "तोवर तुम्ही घरचे सगळे बघा. फक्त मला शेवट सांगू नकोस."

त्या खोक्याने आमच्या घराची कळाच बदलली. त्यात काय नव्हतं? एक कृष्णधवल युद्धपट होता, त्यात सैनिक दोन बॉम्बच्या मधल्या वेळात चहा पीत होते. एक विनोदी मालिका होती. नगरपालिकेच्या कचेरीत दोन कारकून बोलतात आणि न दिसणारी माणसं हसतात. ("ही हसणारी माणसं आहेत कुठे? त्यांना आधी कळतं आणि आपल्याला का नाही?" वहिनी.) एक मनुष्य तासभर नुसते गुलाब छाटत होता, तो कार्यक्रम दादाने तीनदा पाहिला. दादाच्या आयुष्यात एकच कुंडी होती आणि तीही मेलेली. एका मालिकेत एवढा मोठा वाडा, एवढी माणसं, पण कुणी कुणाशी बोलायचं नाही. पाऊण तासाने एका बाईने कप बशीत ठेवला आणि दादा म्हणाला, "संपलं. लग्न मोडलं." त्याला कसं कळलं हे मला अजून माहीत नाही.

"ह्यांच्यात भांडणं होतच नाहीत का रे?" वहिनीने विचारलं.

"हे भांडणच चाललंय," मी म्हटलं.

शुक्रवारी सुट्टी. सकाळी मत्रहच्या बाजारातून मासळी आणायची, ती कढईत पडेपर्यंत आम्ही इंग्लंडात. बाहेर डोंगर तापून पांढरे पडलेले, आत एसी घुरघुरतोय आणि पडद्यावर अखंड पाऊस. आज आठवलं तरी बरं वाटतं. घरापासून इतक्या लांब आम्ही तिघं, आणि करमणुकीला तिसऱ्याच कुणाचं तरी घर!

पण सगळ्यांत लाडकी होती ती खुनाची मालिका, सगळे भाग एकाच कॅसेटवर. एका खेड्यातली श्रीमंत विधवा तिच्या काचघरात मरून पडते. संशयित भरपूर. गावचा पाद्री, डॉक्टर, कर्जबाजारी पुतण्या, मधमाश्या पाळणारी एक बाई आणि बागेत नको तिथे खड्डा खणून ठेवणारा माळी. तपास करणारा इन्स्पेक्टर बारमाही सर्दीचा. दर दोन वाक्यांना शिंकायचा. वहिनीचा त्याच्यावर इतका जीव जडला, की एकदा तो शिंकल्यावर ती सवयीने म्हणाली, "आल्याचा काढा घ्या हो."

याच काळात सुजाताचं स्थळ आलं. लांज्याची मुलगी, शाळेत विज्ञान शिकवणारी. फोटोत ती हसत नव्हती, पण आता हसेल असं वाटत राहायचं आणि त्या आशेवर मी तो फोटो दिवसातून बऱ्याचदा बघायचो. खोटं कशाला बोलू, मला ती मनापासून आवडली होती. अडचण अशी की पुण्याचा एक इंजिनिअर तिला बघायला जातीने येणार होता आणि मला रजा नव्हती. चालू इमारतीचे नकाशे मंजूर झाल्याशिवाय पेंड्री साहेब कुणालाच सोडत नव्हते. एक मनुष्य समोर बसून चहा पिणार आणि दुसरा पासपोर्टच्या फोटोत कान ताठ करून बघणार. निकाल काय लागणार ते उघड होतं.

"आपण व्हिडिओ पाठवू," वहिनी म्हणाली. "मुलगा चालताबोलता दिसला पाहिजे."

खालच्या मजल्यावरच्या मल्याळी शेजाऱ्याचा कॅमेरा मिळाला. दादाच्या लग्नातला टाय मी लावला. जेवणाच्या टेबलावर ड्रॉइंग बोर्ड मांडून मी गंभीर चेहऱ्याने एक रेघ ओढली. गॅलरी दाखवली. वहिनीच्या आग्रहाने फ्रिज उघडून दाखवला. (मुलगी उपाशी राहणार नाही हे आईवडिलांना दिसायला हवं, असं तिचं म्हणणं. फ्रिजमध्ये कलिंगड ठेवलं होतं आणि ते बघून कुणाचं मन वितळणार नव्हतं, पण असो.) आता हे सगळं कॅमेऱ्यातून व्हीसीआरच्या कॅसेटवर उतरवायचं आणि दाऊदभाईंच्या हाती द्यायचं. दाऊदभाई म्हणजे आमच्या जिन्यातले राजापूरकर, रुवीतले व्यापारी. ते गावी निघाले की अख्ख्या इमारतीचं सामान त्यांच्या बॅगेत जायचं आणि त्यांचं स्वतःचं खांद्यावर.

ते रविवारी जाणार होते. म्हणून शुक्रवारी सकाळी आम्ही निवांत खुनाचा शेवटचा भाग लावून बसलो. इन्स्पेक्टरने सगळ्यांना दिवाणखान्यात जमवलं. नाकाला रुमाल लावून सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाला, खुनी याच खोलीत आहे, आणि त्याचं नाव...

दारावर थाप पडली. दाऊदभाई. त्यांचं विमान आज दुपारचंच होतं! रविवार हा त्यांचा गैरसमज होता आणि तिकीट त्यांनी आत्ता वाचलं होतं.

मग जी धांदल उडाली तिला तोड नाही. मी मशीन थांबवलं. दादाने वायरी जोडल्या. नवी कोरी कॅसेट वहिनीने आत घातली असेल असं मी धरून चाललो आणि मी घातली असेल असं वहिनी. मी बटण दाबलं तर मशीन रेकॉर्ड करायला तयार होईना. कॅसेट बाहेर काढली. पाहतो तर मागच्या कडेची ती छोटी टिकली मोडलेली. टिकली मोडली की कॅसेटवर दुसरं काही उतरवता येत नाही, हे त्या काळी शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कुणीतरी ती जपून ठेवण्यासाठी मुद्दाम मोडलेली असते, हेही ठाऊक होतं. पण मी काय निष्कर्ष काढला? रुवीच्या दुकानदाराने आपल्याला सदोष माल दिला!

पेंड्री साहेबांच्या बहिणीला नाव डब्यावर लिहायची सवय, कॅसेटवर कधी एक अक्षर नाही. तेव्हा संशयाला जागाच नव्हती. मी माझ्या पेशातली चिकटपट्टी काढली आणि त्या भोकावर अशी सफाईदार लावली की साहेबांनीही पाठ थोपटली असती. मशीन चालू झालं. मी, टाय, रेघ, गॅलरी, कलिंगड, सगळं उतरलं. कॅसेट नव्या डब्यात गेली, डबा दाऊदभाईंच्या बॅगेत गेला आणि बॅग आकाशात. टेबलावर उरलेली कॅसेट मी साहेबांच्या डब्यात नीट घालून ठेवली. ती इतकी नवी कशी दिसते, हा विचारही मला शिवला नाही.

पुढच्या शुक्रवारी मी रुवीला टेलिफोनच्या बूथवर उभा. त्या दिवशी तिथे सगळा हिंदुस्थान रांगेत असायचा. बाहेरचा माणूस हातातल्या कार्डाने काचेवर टकटक करतोय, आतला ओरडून आईला सांगतोय की मी नीट जेवतो. माझा नंबर आला. लांज्याला सुजाताचे वडील फोनवर आले. आबा. आवाजात अजून चौकी होती.

मी म्हटलं, "कॅसेट पोचली का? बघितलीत का?"

"बघितली. तीन वेळा बघितली. आता मी विचारतो त्याची सरळ उत्तरं द्या. त्या घरात तुम्ही कधीपासून आहात?"

"चार वर्षं झाली," मी नम्रपणे म्हटलं.

"म्हणजे म्हातारी जिवंत होती तेव्हापासून."

मला वाटलं, घरमालकीण. ती ठणठणीत होती, पण वयस्कर माणसांशी वाद घालू नये. मी हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं, बागेतला खड्डा कुणाच्या सांगण्यावरून खणला? मी म्हटलं, "आमच्याकडे बाग नाही हो. एक कुंडी आहे, तीही मेली."

"तीही," आबा म्हणाले. तो शब्द ते कुठेतरी टिपून घेत असावेत असं वाटलं.

एवढ्यात फोन कुणीतरी काढून घेतला आणि एक अगदी शांत आवाज आला. "मी सुजाता. तुम्ही काय पाठवलंत हे तुम्हाला माहीत आहे का?"

मग तिने सांगितलं. लांज्यात त्यांनी दिवसासाठी व्हीसीआर भाड्याने आणला होता. तो लावायला आलेला माणूस मोठा शिस्तीचा, कॅसेट पूर्ण मागे नेल्याशिवाय सुरूच करायचा नाही. मस्कतचा मुलगा दिसणार म्हणून अख्खी आळी सतरंजीवर बसलेली. आणि सुरू झाला पाऊस, काचघर, मेलेली विधवा. आळीला वाटलं, मुलाकडच्यांनी आधी सिनेमा पाठवलाय, मोठी माणसं आहेत. सुजाता एकेक वाक्य मराठीत सांगत होती. सगळे रंगून गेले. शेवटी सर्दीवाला इन्स्पेक्टर म्हणाला, खुनी याच खोलीत आहे, आणि त्याचं नाव...

आणि पडद्यावर मी. टाय लावून, दात काढून. "नमस्कार. मी सुहास."

"अहो, आळीत किंचाळ्या उठल्या," सुजाता म्हणाली. "आत्या तर अजून म्हणतेय, चेहऱ्यावरून वाटत नाही. मी आबांना किती समजावलं की ही चूक आहे. पण ते तीस वर्षं पोलिसात होते. ते म्हणतात, माणूस स्वतःहून नाव सांगतोय, मग आणखी काय पाहिजे?"

सगळं हातातून चाललं होतं. तो पुण्याचा इंजिनिअर बुधवारी पोचणार, चहा पिणार आणि त्याच्यावर एकही खून नसणार! मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "आबांना सांगा, मी त्या बाईला मारलेलं नाही! मी तिला ओळखतसुद्धा नाही!"

मागची टकटक थांबली. वळून पाहिलं तर रांगेतली माणसं दोन पावलं मागे सरकली होती. त्यांतल्या एका सरदारजींनी तर अगदी आदराने मला आणखी वेळ दिला.

"ते मला कळलंय," सुजाता म्हणाली. "पण मग मारलं कुणी?"

"काय?"

"खून कुणी केला? दोन तास मी घसा कोरडा करून सगळं सांगितलं आणि शेवट तुम्ही खाल्लात. मी घरी सांगून टाकलंय, हा निकाल लागल्याशिवाय मी कुणाचाच विचार करणार नाही. बुधवारच्या पाहुण्यांना थोडं थांबायला कळवलंय." आणि फोन ठेवला.

म्हणजे माझी फाशी लांबणीवर पडली होती. आता फक्त खुनी शोधायचा होता. दुसऱ्या दिवशी मी पेंड्री साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगून टाकलं. त्यांच्या बहिणीने तो भाग पाहिलेला होता. एक फोन केला असता तर काम झालं असतं. मी हात जोडले. साहेबांचा लाल चेहरा पांढरा पडला.

"बहिणीला विचारून?" ते म्हणाले. "ती लबाडी होईल."

कॅसेट पुसली याचं त्यांना दुःख झालंच, पण शेवट विचारून घेणं हे त्यांच्या लेखी त्याहून मोठं पाप! इंग्लंडात तो भाग पुन्हा कधी दाखवतील तेव्हा बघू, म्हणाले. कधी? वर्षाने, दोन वर्षांनी. तोवर मी काय करायचं? ते म्हणाले, आधी माझी कॅसेट परत आण.

दाऊदभाई परत येताना कॅसेट घेऊन आले, आणि मस्कतच्या सीब विमानतळावर ती अडली. बाहेरून येणारी प्रत्येक कॅसेट तेव्हा तपासून मगच द्यायचे. रीतच होती. सांगितलेल्या दिवशी मी घ्यायला गेलो. खिडकीपलीकडे पांढऱ्या पायघोळ दिशदाशातला एक ओमानी अधिकारी, चांगला वयस्कर. त्याने कागद बघितला, मला बघितलं, पुन्हा बघितलं आणि आत हाक मारून आणखी दोघांना बोलावलं.

"तुम वो है?" त्याने सराईत हिंदीत विचारलं. "टाईवाला?"

मी मान खाली घातली. त्यांच्यात अरबीत बरीच चर्चा झाली. मग त्याने काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवून आवाज खाली आणला. "हम लोग को लगता है डॉक्टर. तुमको मालूम है?"

मी नाही म्हटलं. तो फार हिरमुसला. कॅसेट माझ्याकडे सरकवत म्हणाला, "मालूम पडेगा तो आना. इन्शाल्ला."

साहेबांचा व्हीसीआर तोवर दुरुस्त झाला होता. त्यांनी मला घरी बोलावून शेजारी बसवलं आणि कॅसेट पहिल्यापासून लावली. शेवटी इन्स्पेक्टरने रुमाल नाकाला लावला, त्याचं नाव, म्हणाला, आणि मी टाय लावून नमस्कार केला. पेंड्री साहेब खुर्चीतून खाली घसरले. मी त्यांना कधी हसताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे आधी मी पाणी आणायला धावलो. ते कलिंगडापर्यंत हसत होते. मग डोळे पुसत म्हणाले, "इमारत थांबेल. तू जा आणि त्या मुलीला भेट."

लांज्याला मी उतरलो तो आळीतली पोरं पुढे धावत ओरडत गेली, "खुनी आला!" ओसरीवर आबा बसले होते. त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं, विशेषतः हात. पुण्याचा इंजिनिअर येऊन बघून गेला होता आणि त्याचा होकारही आला होता, हे आत्याने पाण्याबरोबरच सांगितलं. तेव्हा आपलं काम संपल्यात जमा आहे असं समजून मी सुजातासमोर बसलो. शेवट मला माहीत नाही, कधी कळेल सांगता येत नाही, कारण तो मीच पुसला आहे, असं सरळ सांगितलं.

तिने शाळेची पाटी पुढे ओढली. मग म्हणाली, "तुम्हाला कुणाचा संशय येतो?"

"पुतण्या."

"छे. तो मूर्ख आहे. हातमोजे कुठे ठेवले तेही त्याला आठवत नाही. मधमाश्यांची बाई."

आम्ही जे बोलत बसलो ते बोलतच बसलो. तिने पाटीवर काचघराचा नकाशा काढला, मी तो मापात काढून दिला. दारं किती, किल्ली कुणाकडे. आबा मधेच येऊन, माळ्याला दोन दिवस माझ्या ताब्यात द्या, एवढंच सांगून गेले. चहा दोनदा गार झाला. आतून आत्याचा आवाज आला, "अगंबाई, ही दोघं तर आत्ताच संसाराला लागली." आणि तेव्हा सुजाता हसली. फोटोत राहून गेलं होतं ते हसू. मी मनात म्हटलं, बाबा रे, खून कुणीही करो.

लग्न झालं. सुजाता मस्कतला आली. वादी अदाईतच आम्ही वेगळा फ्लॅट घेतला, मुलगी झाली, ती इंग्रजी शाळेत जाऊन त्या मालिकेतल्या माणसांसारखीच बोलायला लागली. कॅसेटी गेल्या, चकत्या आल्या. पेंड्री साहेब निवृत्त होऊन आपल्या पावसात परत गेले आणि काही वर्षांनी त्यांच्याकडून एक पाकीट आलं. आत तीच मालिका, डीव्हीडीवर, संपूर्ण. सोबत कसलाही खुलासा नव्हता. लबाडी केली नव्हती त्यांनी.

शुक्रवारी सकाळी मासळी आणल्या आणल्या आम्ही पडदे ओढून बसलो. इन्स्पेक्टरने रुमाल काढला, खोलीभर नजर फिरवली आणि या वेळी नाव घेतलं.

पियानो सुरात लावणारा मनुष्य! पहिल्या भागात एकदा येतो, टोपी काढतो आणि जातो. दुसऱ्या भागात जिन्यात दिसतो. बस्स. म्हातारीने त्याचे पैसे बुडवले होते म्हणे. बारीक, पडेल चेहऱ्याचा, स्वतःच्याच खुनाबद्दल माफी मागणारा. लेक म्हणाली, "सो बोअरिंग," आणि आपल्या खोलीत निघून गेली.

सुजाता मात्र कितीतरी वेळ त्या माणसाकडे बघत होती. मग तिने माझ्याकडे बघितलं. माझं सुटलेलं पोट, बनियन, हातातली मासळीची पिशवी.

"शोभत नाही हो हा," ती म्हणाली. "याच्यापेक्षा तुम्ही बरे होतात."